भाचीचं लग्न आणि पेशवाई

बर्‍याच दिवसांत काही लिहिणं झालं नाही, कारण घरात लग्न आहे. भाचीचं. मामाला लग्नात काय काय कामं असतात हे ज्यांनी मामेपण भोगलंय त्यांना सांगायला नको. पण आज त्या कामांबद्दल लिहायचं नाहीये. आजचा विषय 'थीम'.

आमच्या वेळी लग्नाला तिथी असायची, मुहूर्त असायचा, मानपान असायचा, रुसवेफुगवे असायचे. थीम नसायची. आता असते. (आत्या, हे तुझ्यासाठी सांगतो: थीम म्हणजे सगळ्या लग्नाने एकच सोंग घ्यायचं. मांडव, कपडे, जेवण, वाढपी, पत्रिका, सगळं त्या एका सोंगाला धरून.) कुणी राजस्थानी महाल करतं, कुणी जुन्या हिंदी सिनेमांचा काळ उभा करतं. मराठी घरांत सध्या मागणी आहे ती पेशवाईला. २०१४ मध्ये 'रमा माधव' आला, २०१५ च्या डिसेंबरात 'बाजीराव मस्तानी' आला, आणि तेव्हापासून नथ, नऊवारी, पगडी, मशाली यांचा एक संचच तयार झाला. आमच्या कार्यालयात, म्हणजे पनवेलजवळच्या ज्या कार्यालयात लग्न आहे तिथे, या संचाचा छापील तक्ता मिळतो. साधी पेशवाई, मध्यम पेशवाई आणि शाही पेशवाई. भाचीने मध्यम निवडली होती.

मला वाईट वाटायचं काहीच कारण नव्हतं. आम्ही मूळचे वाईकडचे. पणजोबा भिक्षुकी करत, गावोगाव लग्नं लावत हिंडत. वडील सिडकोच्या घरात नेरूळला राहायला आले तेव्हा सामानात रणजित देसाईंची 'स्वामी' होती, आणि ती मी शाळेत असताना तीनदा वाचली. थेऊरचा शेवट वाचून तिन्ही वेळा रडलो. त्यामुळे पेशवाई म्हटल्यावर मीच सगळ्यात आधी उत्साहाने पुढे झालो आणि भाचीला म्हटलं, करायचीच तर नीट करू. आण तो तक्ता इकडे.

तर मंडळी, तक्त्यातली कलमं एकेक करून सांगतो.

पहिलं कलम पगडी. तक्त्यात जिचं चित्र होतं ती पुणेरी पगडी. रानडे आणि टिळक यांच्या डोक्यावर आपण फोटोत पाहतो ती. ती एकोणिसाव्या शतकातली, म्हणजे पेशवाई बुडाल्यानंतरची. २००९ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, ते पुण्याचं म्हणून, पेशव्यांचं म्हणून नव्हे. दुसरं कलम शिवलेली नऊवारी, जी पायजम्यासारखी चढवायची आणि मागे चेन लावायची. याबद्दल मी काही बोललो नाही, कारण बहिणीने डोळे वटारले. तिसरं कलम बँड. पितळी बँड आला तो इंग्रजी पलटणींबरोबर. पेशव्यांच्या दारात वाजायचा सनई-चौघडा, त्यासाठी शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजावर नगारखाना होता. चौथं कलम जेवण. त्यात 'पेशवाई थाळी' म्हणून बटाट्याची भाजी, टोमॅटोचं सार आणि शेवटी मस्तानी. मिरची पोर्तुगिजांनी आणली आणि ती आपल्या जेवणात लवकर मुरली. बटाटाही त्यांनीच आणला, त्याचं नावसुद्धा त्यांचंच, पण तो आपल्या पंगतीत बसला फार नंतर. टोमॅटो त्याहून नंतर. आणि मस्तानी हे पेय तर विसाव्या शतकातलं, आइस्क्रीमशिवाय ते होतच नाही. बाजीरावांच्या मस्तानीने ते कधी चाखलेलं नाही.

पत्रिका मात्र मला आवडली. ती मोडीत छापायची होती. पेशव्यांचा सगळा पत्रव्यवहार मोडीत. बोरूने लिहायचं, दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, र्‍हस्वदीर्घाची भानगड नाही. २०१४ पासून युनिकोडमध्येही मोडी आली आहे, म्हणजे संगणकावर तिची सोय आहे. फक्त अडचण एवढीच की ती पत्रिका वाचून लग्नाला येणारा माणूस आमच्या दोन्ही घरांत मिळून एकही नाही.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. मी चुका काढत होतो, भाची हसत होती आणि वहीत टिपून घेत होती. मग ती म्हणाली, "मामा, हे नाही ते नाही असंच किती दिवस? तेव्हाचं खरं लग्न कसं होतं ते सांग ना."

पेशवाईतलं सगळ्यात नावाजलेलं लग्न सवाई माधवरावांचं. १७८३ च्या फेब्रुवारीत पुण्यात झालं. करणारे नाना फडणीस. या लग्नासाठी नानांनी केलेल्या बंदोबस्ताच्या याद्या पुढे छापून प्रसिद्ध झाल्या आहेत. कामं कुणी कुठली करायची, पाहुण्यांनी उतरायचं कुठे, पंगती कशा बसवायच्या, सगळं लिहून ठेवलेलं. लग्न हे त्या काळी राजकारणच होतं. दहा वर्षांपूर्वी, १७७३ च्या ऑगस्टात, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला होता. त्यांच्या मागे जन्मलेलं हे मूल चाळीस दिवसांचं असताना त्याला पेशवेपदाची वस्त्रं मिळाली. त्याच्या हक्कासाठी इंग्रजांशी मोठी लढाई झाली, ती नुकतीच सालबाईच्या तहाने मिटली होती. सरदार, संस्थानिक, निजामाकडचे पाहुणे यांना बोलावून, गादी शाबूत आहे हे नानांना सार्‍या हिंदुस्थानाला दाखवायचं होतं. हे जे आपण 'शाही पेशवाई' म्हणून विकत घेतो, त्याचं मूळ असल्या लग्नांत आहे.

आता वय बघा. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा. म्हणजे बोहल्यावर उभे राहिले तेव्हा त्यांना नऊ वर्षंही पूर्ण झालेली नव्हती. नवरी थत्त्यांच्या घरातली, रमाबाई नाव ठेवलं, ती त्याहून लहान. मोठ्यांनी केलेल्या त्या अफाट सोहळ्याच्या मधोमध दोन मुलं बसली होती. पुढे १७९५ च्या ऑक्टोबरात, एकविसाव्या वर्षी, शनिवारवाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडून हा पेशवा गेला.

आणि आपण ज्यांच्यासाठी रडतो त्या थोरल्या माधवरावांच्या रमाबाई? त्या १७७२ च्या नोव्हेंबरात थेऊरला सती गेल्या. तक्त्यात नवरीच्या एका साजाला 'रमा लूक' असं नाव आहे. भाचीने ते खोडलं. कुणी सांगितलं नव्हतं. वाचलं आणि खोडलं.

पण दरबारचं लग्न म्हणजे काही पेशवाई नव्हे. पेशवाईत बहुतेक लग्नं लागली ती खेड्यांत, आणि त्यांचीही नोंद सरकारी कागदांत आहे. कशी, तर कर म्हणून. लग्न झालं की लग्नटका. विधवेने किंवा सोडलेल्या बाईने पाट लावला की पाटदाम. मांडवात गावाचे बलुतेदार आपापल्या कामाने हजर: कुंभार मडकी देणार, गुरव पत्रावळी, परीट पायघड्या, न्हावी बोलावणी. प्रत्येकाचं काम ठरलेलं आणि हक्कही ठरलेला. हे ऐकायला छान वाटतं, पण ठरलेलं म्हणजे काय ते बघायला हवं. वरातीत घोडा कुणी वापरायचा यावरून जातीजातींत तंटे होत आणि ते सरकारपर्यंत जात. कन्याविक्रय करू नये असे हुकूम सरकारला पुन्हा पुन्हा काढावे लागले, म्हणजे तो चालूच होता. आणि ब्राह्मणाघरची मुलगी दहाव्या वर्षी विधवा झाली तर तिला पाटदाम भरण्याचीही मुभा नव्हती. तिला फक्त केशवपन.

एक प्रकरण तर आपल्या इकडचंच, उत्तर कोकणातलं. महारांनी मागणी केली की आमची लग्नं गावच्या जोशाने लावावीत. जोशांनी नकार दिला. तंटा पुण्याला गेला. पेशवे सरकारने निकाल दिला की पूर्वापार जे चालत आलंय तेच चालावं, जोशांवर सक्ती नको. महारांची लग्नं त्यांच्यातलेच मेढे महार लावत आले होते, त्यांनीच लावावीत. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली 'जातीचे निर्मूलन'मध्ये पेशवाईतल्या पुण्याचं जे वर्णन केलंय, कमरेला झाडू आणि गळ्यात मडकं, ते बहुतेकांनी वाचलेलं असतं. हे प्रकरण त्यामानाने लहान. पण लग्नाच्या याद्या करत बसलेल्या माणसाला ते जास्त टोचतं. माझे पणजोबा लग्नं लावायचे असं मी वर लिहिलं. त्यांचेही पणजोबा तेच करत असणार. कुणाच्या दारी जाऊन आणि कुणाच्या दारी न जाऊन, हे काही कुणी सांगून ठेवलेलं नाही.

आता नवर्‍या मुलाकडची मंडळी. ती आगरी. पोरं एकमेकांना ऐरोलीच्या कचेरीत भेटली, चार वर्षं ओळख, सगळं रीतसर. त्यांचं गाव विमानतळासाठी उठवलेल्या दहा गावांपैकी एक. ज्या विमानतळावरून २०२५ च्या २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली, त्याच्या कुंपणाच्या आत कुठेतरी त्यांचं जुनं अंगण होतं. आता ती सगळी नव्या वसाहतीत राहतात. घर मोठं आहे, पण मांडव घालायला अंगण नाही, म्हणून कार्यालय.

पेशवाई या भागात नव्हती असं कुणी समजू नये. पाम बीच रस्त्याच्या टोकाला बेलापूरला किल्ले गावठाण आहे, तिथे जुन्या किल्ल्याचे अवशेष अजून उभे आहेत. वसई मे १७३९ मध्ये पडली, त्याच धामधुमीच्या दशकात चिमाजी अप्पांच्या फौजांनी बेलापूरही पोर्तुगिजांकडून घेतलं. पनवेल बंदर होतं. मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस आणि माल होडीने पनवेलला उतरायचा आणि खोपोलीवरून बोरघाट चढायचा. त्या खोपोलीला तलाव आणि महादेवाचं देऊळ बांधलं ते नाना फडणिसांनी. म्हणजे १७८३ च्या लग्नाचा कारभारी आमच्या कार्यालयापासून फार लांब नव्हता. आणि या दोन्ही वाटांच्या मधे, खाडीच्या कडेने, आगरं होती. मिठाची आगरं, भाताची खारजमीन. आगर पिकवणारे ते आगरी. पेशव्यांच्या पंगतीत वाढलेलं मीठ कुणीतरी खाडीच्या पाण्यात पोटर्‍यांपर्यंत उभं राहून काढलेलं होतं, एवढं साधं गणित आहे. तक्त्यात मिठाचा उल्लेख नाही.

साखरपुड्याच्या बोलण्यांसाठी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. मुलाच्या वडिलांना थीम पसंत होती. त्यांनी पगडीचं मापही देऊन ठेवलं होतं. नवर्‍या मुलाची आजी कोपर्‍यात खुर्चीवर बसून ऐकत होती. पंच्याऐंशीच्या पुढची असेल. सगळ्यांचं बोलून झाल्यावर तिने भाचीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "पेशव्यांचे टायमाला आमचा लगीन कोन लावाचा, सांग?"

आजीला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच उत्सुकता होती. नातवाचं लग्न ज्या काळातलं करायचं ठरलंय, त्या काळात आपण कुठे होतो, एवढंच तिला विचारायचं होतं. भाचीने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. मग आजीनेच उत्तर दिलं. "धवलारीन लावाची."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ठाणे-रायगडच्या आगरी वस्त्यांत लग्न लावायचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायका करत आल्या. त्यांना धवलारीण म्हणतात, आणि त्या जे म्हणतात ते धवले. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत आणि हळदीपासून लग्न लागेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला वेगळा. पोथी नाही, कागद नाही, सगळं तोंडपाठ, सासूकडून सुनेकडे किंवा आईकडून लेकीकडे आलेलं. ब्राह्मण येत नव्हता तेव्हा हीच पुरोहित. नंतर भटजी येऊ लागले, ध्वनिक्षेपक आले, डीजे आले, आणि धवलारीण मागे सरकत सरकत हळदीच्या रात्रीपुरती राहिली. कुठे तेवढीही नाही.

'धवला' हा शब्द ऐकल्यावर मी चपापलो, कारण तो मी शाळेत पाठ केला होता. मराठीतली आद्य कवयित्री कोण? महदाइसा. तिने काय रचलं? 'धवळे'. चक्रधरस्वामींची शिष्या, तेराव्या शतकातली. विदर्भात रिद्धपूरला गोविंदप्रभूंच्या विवाहाचा प्रसंग मांडला गेला, तेव्हा तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची ही गाणी रचली. धवळ म्हणजे पांढरं, शुभ, मंगल. धवळे म्हणजे लग्नात म्हणायची गाणी. आज त्याच रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ आहे. परीक्षेत एका गुणासाठी आपण हे नाव लिहितो आणि सोडून देतो. त्या काळी बायका लग्नात धवळे म्हणत असणार, म्हणून तर महदाइसाला तो साचा हाताशी सापडला. शनिवारवाड्याचा पाया १७३० चा. महदाइसा त्याच्या साडेचारशे वर्षं आधीची. आणि तो शब्द, तीच रीत घेऊन बसलेली बाई पनवेल-उरण रस्त्याला कुठल्यातरी गावात आजही आहे, आणि आम्ही मात्र मशाली भाड्याने आणतोय.

पुढच्या रविवारी भाची, नवरा मुलगा आणि मी एका धवलारणीला भेटायला गेलो. नाव-गाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. सत्तरी ओलांडलेली बाई, भाताचं सूप हातात. आम्ही काय हवंय ते सांगितलं. कार्यालयवाल्या मुलाने आधीच एक तोड सुचवली होती: संगीताच्या रात्री दहा मिनिटं, 'आगरी-कोळी लोककला' म्हणून, मागे पडद्यावर खाडीचं चित्र. भाचीने ती सुचवण प्रामाणिकपणे त्या बाईंना सांगितली. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मी गानारी नाय बाय," त्या म्हणाल्या, "मी लगीन लावनारी हाय."

मग त्यांनी विचारायला सुरुवात केली. नवरीचं कूळ कुठलं, देवक काय, मामा कोण. मामा मीच म्हटल्यावर माझ्याकडे नीट पाहून घेतलं. त्यांच्या अटी साध्या होत्या. मांडवात बसूनच म्हणणार, मंचावर नाही. सोबत दुसरी बाई हवी, कारण एकीने ओढायचं आणि दुसरीने उचलायचं. वेळ लागेल तेवढा लागेल. मध्ये कुणी 'आवरा' म्हणायचं नाही. मानाचं लुगडं, तांदूळ, नारळ. पैशांचं विचारल्यावर म्हणाल्या, ते तुमचं तुम्ही बघा.

जाताना भाचीने विचारलं की हे पुढे कुणाला येतं. त्या म्हणाल्या, सुनेला ऐकून ऐकून थोडं येतं, पण ती नोकरीला जाते. एवढंच. आम्हाला जे समजायचं ते समजलं.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली, आणि ती आमच्या घरून आली नाही. आमचे गुरुजी चटकन तयार झाले. म्हणाले, "आधी त्यांचं होऊ द्या, मग मी बसतो. मुहूर्त तेवढा सांभाळा." अडचण आली मुलाच्या वडिलांकडून. त्यांना धवले नको होते. घराबाहेर नेऊन मला हळू आवाजात म्हणाले, "मामा, आम्ही लहानपणी वर्गात बोलायला लागलो की पोरं हसायची. भाषा सुधारायला आयुष्य गेलं. आता दोन्हीकडची हजार माणसं बसलेली असताना तेच माईकवर? तुमच्याकडचे काय म्हणतील?"

यावर काय बोलणार? मला पेशवाईच्या पगडीत चूक काढता आली, कारण ती चूक पुस्तकात बघून काढता येते. या माणसाने पगडीचं माप का देऊन ठेवलं होतं ते मला त्या दिवशी कळलं. पगडी घातली की तो एक दिवस कुणी हसणार नव्हतं. पेशवाईची थीम आमच्यासाठी हौस होती. त्यांच्यासाठी तो आत शिरण्याचा परवाना होता. आणि ज्या काळात हे दार त्यांना बंद होतं, नेमक्या त्याच काळाचा पोशाख करून त्यातून आत यायचं. इतिहासाची इतकी वाकडी गाठ मी पुस्तकात कधी वाचली नव्हती.

बहिणीचं म्हणणंही मी प्रामाणिकपणे मांडतो, नाहीतर ती हे वाचून मला सोडणार नाही. ती म्हणाली, "पोरीला एक दिवस नटायचंय. त्यात सती, केशवपन, लग्नटका कशाला आणतोस? राजस्थानी महाल करणारे काय तिथल्या इतिहासाची परीक्षा देतात?" तिचं चूक नाही. नटणं हे लग्नाचं कामच आहे. नऊवारी सुंदर दिसते, नथ सुंदर दिसते, सनई ऐकली की माझ्याही पोटात हलतं. पेशवाईत मुत्सद्दी होते, शूर माणसं होती, अटकेपर्यंत गेलेले घोडे होते, हे काही मी विसरलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच की काळ हा भाड्याचा शालू नाही. घेतला तर माणसांसकट येतो. ज्या लग्नात दोन घरं एकत्र येतायत, तिथे अर्ध्या मांडवाला 'तेव्हा आपण बाहेर होतो' हे आठवावं लागणार असेल, तर तो काळ त्या मांडवाला शोभत नाही. निदान नावाने तरी नाही.

निर्णय भाचीने घेतला. तिने सासर्‍यांना काही पटवून वगैरे दिलं नाही. ती आजीजवळ जाऊन बसली आणि तिच्या लग्नाच्या वेळचे धवले आठवतात का म्हणून विचारलं. आजीने सुरुवात केली. आवाज फाटका, मधले शब्द गळलेले, पण ती थांबेना. आतल्या खोलीतून एक आत्या आली, तिने गळलेला शब्द भरला. मग शेजारची आली. वडील दारात उभे होते. थोड्या वेळाने ते आत गेले आणि फोनवर कुणाला तरी सांगताना ऐकू आलं की पगडीचं रद्द करा.

तर आता पेशवाई थीम राहिलेली नाही. तक्ता परत गेला. नऊवारी आहे, पण आमच्या आईची, हाताने नेसायची, नेसवायला आत्या येणार आहे (आत्या, हे नक्की ना?). सनई-चौघडा आहे. बटाट्याची भाजीही आहे, कारण ती सगळ्यांना आवडते, आणि आता तिने कुठल्याही शतकाचा आव आणायचा नाहीये. मोडी पत्रिका रद्द. साधी देवनागरीत छापली आहे, आणि त्यात 'विवाहविधी' खाली दोन ओळी आहेत: पहिली धवले, दुसरी मंगलाष्टकं. भटजींचं नाव पत्रिकेत नाही, म्हणून धवलारणीचंही नाही. यावर घरात अर्धा तास चर्चा झाली आणि ती योग्य होती असं मला वाटतं.

धवलारणीच्या सुनेने त्या दिवसाची रजा टाकली आहे. उचलायला दुसरी बाई म्हणून तीच बसणार आहे.

शेवटी सगळ्या नातेवाइकांना एक विनंती. पत्रिकेतला मुहूर्त दुपारी साडेबाराचा आहे, आणि आपल्याकडची सवय मला माहीत आहे: बारा पंचविसाला पोचायचं, अक्षता टाकायच्या, पंगतीला पळायचं. या वेळी तसं करू नका. धवले सकाळी सात वाजता सुरू होतील. कार्यालय सहाला उघडेल, चहा तयार असेल. पुण्याहून येणार्‍यांनी आदल्या रात्रीच नेरूळला घरी यावं. गाद्या पुरेशा आहेत. पुढच्या रांगेत खुर्च्या मांडलेल्या नाहीत, सतरंजी आहे. जमिनीवर बसता येईल असे कपडे घालून या.